डावीकडचा चावा

वाद्यवृंदात तिला सगळे खर्जताई म्हणत. ती बेस क्लॅरिनेट, म्हणजे खर्जातले सूर काढणारी मोठी क्लॅरिनेट, वाजवायची. ते वाद्यच असं, की वाजत असताना त्याच्याकडे कुणाचं लक्ष जात नाही, आणि थांबलं की पायाखालची फरशी काढून घेतल्यासारखं वाटतं. ताईचा स्वभावही थोडा तसाच होता.

मैफल तोंडावर आलेली असताना तिच्या हातून माउथपीस पडला. काळ्या एबोनाइटचा चोचीसारखा तुकडा. त्यावर वेताची पातळ पट्टी बांधायची आणि वरचे दात टेकवून ओठांत धरायचा, की त्या लांबलचक लाकडी नळीला कंठ फुटतो. चोचीचं टोक उडालं होतं. उडालं ते नखाच्या कातरणाएवढंच, पण तेवढ्याने आवाज फाटला. बनवणारा कारखाना कधीच बंद पडला होता, आणि शहरातल्या दुकानांत मिळत होते ते सगळे छोट्या क्लॅरिनेटचे.

शेजारच्या खुर्चीवरचा वादक म्हणाला, "बंदराच्या गावी हेच वाद्य वाजवणारे एक म्हातारे होते. गेल्या वर्षी गेले. त्यांचे तीन माउथपीस त्यांच्या बायकोकडे, काकूंकडे पडून आहेत. फोन करून बघ. पण जपून बोल, काकू एक घाव दोन तुकडे करणाऱ्यातल्या आहेत."

ताईने फोन लावला. "काकू, तिन्ही पाठवाल का? वाजवून बघते, एक ठेवते, बाकीचे परत करते."

"चपला आहेत का त्या, पायात घालून बघायला? एक काय तो सांग. एकदा उंबरा ओलांडला की मी परत घेणार नाही."

"पण वाजवल्याशिवाय कळणार कसं?"

"आम्हाला नवरे वाजवून दाखवले होते का कुणी?"

ताईला हसू आलं. काकू मात्र हसल्या नाहीत. माउथपीसवरचे आकडे झिजून गेले होते, त्यामुळे कुठल्याचं तोंड किती उघडं हेही विचारायची सोय नव्हती. शेवटी ताई म्हणाली, "निदान कसे वाजायचे ते तरी सांगा."

"मला सुरातलं ओ की ठो कळत नाही," काकू म्हणाल्या. "पण जन्मभर भिंतीपलीकडून ऐकलंय. एक आहे, त्याने गल्लीतली कुत्री उठायची. दुसरा त्यांचा लाडका. तो लागला की घर भरल्यासारखं वाटायचं. तिसरा शेवटच्या वर्षातला. तो कानांना कळायचाच नाही. मी ओट्याशी उभी असले की तळपायांना कळायचं, आत बसलेत म्हणून."

आवाज तळपायांना कळणं म्हणजे काय, हे खर्ज वाजवणाऱ्यालाच ठाऊक. ताईने क्षणभरही विचार केला नाही. "तिसरा पाठवा."

काकू "तोच?" एवढंच म्हणाल्या आणि त्यांनी फोन ठेवला.

माउथपीस आला तो पुरुषाच्या लोकरी मोज्यात गुंडाळून. ताईच्या आधी तो नवऱ्याने हातात घेतला. नवरा दातांच्या कवळ्या बनवायचा. पुढची खोली हेच त्याचं कामाचं ठिकाण. फळ्यांवर प्लास्टरचे जबडे ओळीने मांडलेले, प्रत्येकाखाली पेन्सिलीने नाव. नव्या माणसाला त्या खोलीत चहा गिळवत नसे. नवऱ्याने दिव्याखाली भिंग धरलं.

"सगळा चावा डावीकडे," तो म्हणाला. "खळगा पडलाय बघ. उजव्या बाजूला साधा ओरखडाही नाही. या माणसाचं उजवीकडे फार दुखत असणार. सवयीने एवढं कुणी सरकत नाही."

"मला वाजतो कसा ते बघू दे," ताई म्हणाली आणि तो घेऊन मागच्या खोलीत गेली.

तिने माउथपीस ओठांत धरला. दात आपोआप डावीकडच्या त्या खळग्यात जाऊन बसले, स्वतःच्या घरात शिरावं तसे. तिने सगळ्यात खालचा सूर लावला. इतका मऊ, इतका खोल आवाज तिच्या वाद्यातून कधी निघाला नव्हता. पण त्या सुराच्या पोटात आणखी एक सूर होता. मिटल्या तोंडाने माणूस कण्हतो तसा.

नवरा दारात आला. "कोण आलंय?"

"कुणी नाही. का?"

"पुरुषाचा आवाज आला."

तालमीला पहिल्याच तुकड्यानंतर छडीमास्तर थांबले. वाद्यवृंद चालवणाऱ्या गृहस्थांना सगळे त्याच नावाने ओळखत, अर्थात पाठीमागे. "आवाज सुरेख लागलाय, बाई," ते म्हणाले. "फक्त वाजवताना गुणगुणू नका."

"मी नाही गुणगुणत."

छडीमास्तरांनी इतरांकडे पाहिलं. कुणीच मान वर केली नाही. शेजारच्या वादकाने मात्र आपली खुर्ची जराशी पलीकडे ओढली.

एवढ्यावर भागलं नाही. श्वास जिथे घ्यायचा तिथे न घेता ताई भलत्याच जागी घेऊ लागली, ओळीच्या ऐन मध्यात, ठेच लागल्यासारखा. तिने खळगा बुजवायला माउथपीसवर रबराची चकती चिकटवली, तरी दात डावीकडेच जात. मग तिचा उजवा जबडा ठणकू लागला. नवऱ्याने तोंडात छोटा आरसा घालून एकेक दात तपासला. "सगळे शाबूत आहेत," तो म्हणाला, आणि माउथपीसकडे त्याने असं पाहिलं, की ताईने तो उचलून मोज्यात ठेवला.

मैफल चांगली झाली. लोकांनी भरभरून टाळ्या वाजवल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी काकूंचा फोन आला.

"लागला का?"

"लागला, काकू."

"ऐकव."

ताईने फोन नवऱ्याच्या टेबलावर जबड्यांच्या मधे स्पीकर लावून ठेवला आणि वाजवलं. ओळीच्या मध्यात श्वास तुटला, तशा काकू बोलल्या. "हा श्वास त्यांचा." आवाज कोरडा होता. "इथवर आलेच आहेत तर एक विचार त्यांना. शेवटचं वर्षभर माझ्याकडे तोंड फिरवून का बसायचे? जेवताना मी त्यांच्या पानाच्या उजव्या अंगाला, आणि यांची मान सदा डावीकडे, खिडकीकडे. माझं काय चुकलं, तेवढं विचार."

ताईने नवऱ्याकडे पाहिलं. त्याने 'नको' अशी मान हलवली. पण ज्या बाईने फक्त भिंतीपलीकडून माणूस ओळखून ठेवला होता, तिला हे न सांगणं ताईला जमेना.

"काकू, ते तोंड फिरवत नव्हते. त्यांचा उजवा जबडा दुखत होता. खूप. माउथपीसवर दातांच्या खुणा आहेत, सगळ्या डावीकडे. माझ्या नवऱ्याला त्यातलं कळतं."

"मग बोलले का नाहीत?"

ताई काही म्हणायच्या आत काकूच म्हणाल्या, "मीही विचारलं नाही. म्हटलं, तुम्ही अबोला धरलात तर मीही धरते. बघू कोण आधी बोलतं." आणि फोन बंद झाला.

पुढच्या आठवड्यात न मागता दुसरा माउथपीस आला, त्या मोज्याच्या जोडीदारात गुंडाळलेला. पाठोपाठ फोन. "हा लाव. यात ते बरे होते. हसायचे."

ताईने लावला. आवाज गोल, भरदार, घर भरून टाकणारा. दात सरळ बसले, श्वास हवा तिथे आला, जबड्याला सुटल्यासारखं झालं. काकूंनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"गोड आहे," त्या म्हणाल्या. "पण यात कुणी नाही. तू तोच लाव."

तेव्हापासून ताई वाद्यवृंदात दुसरा माउथपीस वाजवते, आणि छडीमास्तर खूश असतात. तिसरा निघतो तो रविवारी सकाळी, काकूंचा फोन आला की. ओळ-बिळ काही नको असते काकूंना. सगळ्यात खालचा सूर, दम पुरेल तेवढा. सूर चालू असतो तोवर काकू नवऱ्याच्या टेबलावर ठेवलेल्या फोनमधून बोलत असतात. ताईच्या कानात स्वतःचाच खर्ज घुमत असल्यामुळे तिला त्यातलं अक्षरही कळत नाही. तिचा दम संपला की काकू थांबतात, तिने पुन्हा श्वास भरला की पुन्हा सुरू होतात. मग संध्याकाळपर्यंत ताईचा उजवा जबडा ठणकतो. नवरा फडकं गरम करून देतो. आता पुरे, असं सांगायचं तिने कितीदा ठरवलं. पण फोन वाजला की हात मोज्याकडेच जातो.

एका रविवारी फडकं गालाला लावून तिने विचारलं, "काय बोलत असतात रे त्या?"

नवरा एक कवळी घासत होता. "घरातलंच. नळ गळतोय. वरच्याने जिन्यात सायकल ठेवलीय. चष्म्याचा नंबर वाढला. मधेच जरा भांडतात."

"आणि?"

"मधे मधे गप्प बसतात. तुझा सूर चालू असतानाच."

"का?"

त्याने घासायचं थांबवलं. "समोरचा बोलत असला की आपण बसतो ना, तशा. मग 'हं' म्हणतात, आणि पुढचं सांगायला लागतात."