विहिरीचा होकार

पन्नास सालाच्या सुमारास डोंबिवलीच्या एका आळीत कुणी आजारी पडले, की आधी विहिरीला विचारत. अमावास्येला पाण्यातल्या देवतांचा, आसरांचा दहीभात विहिरीत सोडायचा, आणि गरज पडेल तेव्हा तिन्हीसांजेला काठावरून वाकून प्रश्न टाकायचा. शब्द फिरून वर आला, की आसरांचा होकार!

त्या वर्षी पटकीची, कॉलऱ्याची साथ आली. शाळेतल्या सुमतीबाई एवढेच म्हणाल्या, "नैवेद्य पाण्यात कुजतोय. विहीर उपसू या. तोवर पाणी उकळून प्या."

"पाखंडी!" आळीतले वडीलधारे अण्णा गरजले.

झाले! दुसऱ्या दिवशी बाईंच्या दारावर कोळशाने तोच शब्द उमटला. त्यांच्याशी कुणी बोलेना. पोरे विहिरीत तोंड घालून ओरडत, "पाखंडी!" आतून ओला, घोगरा आवाज येई, "…खंडी!" ऐकणाऱ्याच्या अंगावर काटा येई.

"आजोबा, पाखंडी म्हणजे काय हो?" अण्णांच्या आईविना वाढलेल्या नातीने, चित्राने विचारले.

"सगळे हो म्हणतात तेव्हा जो नाही म्हणतो, तो."

त्याच आठवड्यात चित्राला जुलाब-उलट्या सुरू झाल्या. तिन्हीसांजेला अण्णा विहिरीवर धावले. "चित्रा जगेल?"

"जगेल…"

अण्णांनी हात जोडले आणि एकाएकी त्यांना आठवले. शेजारच्या गोदासाठीही हाच होकार आला होता. तिला तर परवाच स्मशानात पोचवली होती.

पुन्हा वाकून त्यांनी विचारले, "चित्रा मरेल?"

"मरेल…"

तोच आवाज. तितकाच मायाळू!

अण्णा पळत सुटले ते थेट कोळशाच्या त्या शब्दापाशी. "बाई, माझं पोर वाचेल का हो?"

"मला ठाऊक नाही, अण्णा. पण विहिरीचं पाणी आता थेंबभरही देऊ नका. टांगा बोलवा, कल्याणला दवाखान्यात नेऊ."

टांग्यात अण्णा पुटपुटले, "मी तुम्हाला नको ते बोललो."

"विहीर कधी नाही म्हणत नाही, म्हणून ती देवाची," चित्राचे डोके मांडीवर घेत बाई म्हणाल्या. "मी नाही म्हणाले, म्हणून पाखंडी. पण अण्णा, तुमची काळजी कुणाला होती?"

अण्णांना रडू कोसळले.

चित्रा वाचली. दारावरचा कोळसा अण्णांनी स्वतःच्या उपरण्याने पुसला आणि विहीर उपसायला तेच पहिले उभे राहिले.

नागरिकहो, नाही म्हणणाऱ्याला असला शब्द चिकटवण्याआधी त्याचे ऐकून तरी घ्या! त्याचे तोंड बंद केलेत, तर विचारायला फक्त विहीर उरेल. आणि ती मरणालाही हो म्हणते.