मीठ कुणी घालायचं

बायको गेल्याचं प्लंबरला कळलं, तेव्हा तो परक्या स्वयंपाकघरात सिंकखाली उताणा पडला होता. लेकीचा फोन आला. त्याने ऐकून घेतलं, पाइपाचा सांधा आवळला, पाणी सोडून पाहिलं, गळत नाही याची खात्री केली आणि मग त्या घरच्या बाईंना म्हणाला, "माझी बायको गेली. मला जरा निघावं लागेल."

हे सासूबाईंच्या कानावर गेलं. "माझी लेक गेली आणि हा सांधे आवळत बसला!" असं त्या चार माणसांत बोलल्या. दोघांचं तसं पहिल्यापासूनच विळ्याभोपळ्याचं सख्य. टोमण्यांची त्याला सवय होती, पण हा वर्मी बसला. तेव्हापासून तो त्यांच्या दाराकडे फिरकला नव्हता.

दरवर्षी सुट्टी लागली की बायको लोण्याची बिस्किटं भाजायची आणि पहिला डबा आईला नेऊन द्यायची. यंदा तो डबा आपण न्यायचा, असं प्लंबरने ठरवलं. रिकाम्या हाताने जायची छाती नव्हती. आणि चव जराशी हुकली, तर म्हातारी पहिल्याच घासाला पकडणार होती.

लेक, मुलगा आणि सूनबाई सकाळीच जमले. बायकोच्या राज्यात कामं वाटलेली असत. लेकीने पीठ चाळायचं, मुलाने लोणी-साखर फेसायची, सुनेने लाटून कापायचं. प्लंबरकडे नुसता ओव्हन.

"यंदा मुकादम मी," तो म्हणाला. "मीठही मीच घालणार. मध्ये कुणी लुडबुड करायची नाही."

"बाबा, चहात साखर टाकायला तुम्ही आईला हाका मारायचात," लेक म्हणाली.

"म्हणून काय झालं? सूनबाई, डावीकडे जाड राहिलंय बघ."

"बाबा, बिस्किट आहे. गळायचं नाही."

बोलून गेल्यावर सुनेने जीभ चावली. पण प्लंबरच आधी हसला, मग बाकीचे.

पहिला ट्रे बाहेर आला. रंग झकास, कडा खुसखुशीत. चौघांनी एकेक तोंडात टाकलं आणि एकमेकांकडे बघत चावत राहिले.

"सपक आहे," मुलगा म्हणाला. "आईची नाहीत ही."

"मीठ किती घातलंत?" सुनेने विचारलं.

"चिमूटभर. दरवर्षीइतकंच." प्लंबर जरा अवघडला. "ती मला हळूच म्हणायची, 'मीठ तेवढं तुम्ही घाला. तुमच्याच हाताला अंदाज आहे. पोरांना सांगू नका.'"

लेकीने चाळण खाली ठेवली. "हे ती मला म्हणायची."

"तुला? मला म्हणायची!" मुलगा म्हणाला.

सून लाल झाली. "मला तर लग्नानंतर पहिल्याच सुट्टीत म्हणाल्या. मला वाटलं, केवढा विश्वास!"

"म्हणजे चौघांनाही हरभऱ्याच्या झाडावर चढवलं होतं," मुलगा म्हणाला, "आणि पाठ वळली की जो तो चिमूट टाकत होता!"

हसता हसता लेकीला ठसका लागला. प्लंबर ओव्हनपाशी जाऊन पाठमोरा उभा राहिला.

"बाबा, काय बघताय?"

"दार नीट लागतंय का ते."

दुसऱ्या ट्रेसाठी नवं पीठ मळताना मग चौघांनी उघड उघड एकेक चिमूट टाकली. तो ट्रे निघाल्यावर मुलाने बिस्किट मोडून खाल्लं, लगेच दुसरं उचललं आणि बहिणीने त्याच्या हातावर चापट मारली. "आधी आजीचा डबा!"

डबा भरला. प्लंबरने शर्ट बदलला, भांग पाडला.

"मी येऊ का सोबत?" लेकीने विचारलं.

"कशाला? टोमणे दोघांत वाटून घ्यायला?"

तो दारापर्यंत गेला आणि परत आला. म्हणाला, "आत्ता त्या झोपल्या असतील."

"आजी दुपारची कधी झोपते?" लेक म्हणाली.

त्याने डब्याचं झाकण पुन्हा एकदा घट्ट बसवलं. डबा टेबलावर आहे. प्लंबर अजून सासूबाईंकडे गेलेला नाही.