सहा आकडे

ऋतुजाला शोरूममध्ये बोलावलं होतं ते पेढे खायला. निदान तिच्या चुलत्याने, संपतने, फोनवर तसं सांगितलं होतं. "विश्वजीतची गाडी निघतीय आज. तू घरातली लक्ष्मी हायेस, आलंच पाह्यजे." मग काय, ती नारायण पेठेतल्या स्टेशनरीच्या दुकानातून सुट्टी मागून दोन बस बदलत मांजरीच्या शोरूमकडे निघाली. सकाळी कॉलेज, दुपारी दुकान, आठ हजार पगार, तोही बँकेत जमा होणारा. गेल्या आठवड्यात चुलतभावाने, विश्वजीतने, तिच्या पॅन कार्डाचा फोटो मागून घेतलाय, हे दुकानाचे मालक श्यामसुंदर यांच्या कानावर आलं होतं. सुट्टी देताना ते एवढंच म्हणाले, "टूथब्रश आणि सही कुणाला वापरायला देऊ नये."

शोरूममध्ये थाट होता. काळी मोटारसायकल, तिला झेंडूचा हार, चाकाखाली लिंबू. संपतच्या हातात नारळ, आणि चुलती सोजरबाई ओवाळायचं ताट घेऊन उभी. काउंटरवरची मुलगी म्हणाली, "मॅडम, तुमच्या फोनवर ओटीपी आलाय. तेवढा सांगा."

ऋतुजाने मेसेज वाचला. एक लाख ऐंशी हजारांचं कर्ज, छत्तीस हप्ते, आणि कर्जदार म्हणून तिचं नाव. तिचं डोकं तापलं.

"दादा, गाडी तुझी आणि कर्ज माझ्या नावावर?"

"नाव तर हाय नुसतं," विश्वजीत म्हणाला. "माझे मोबाइलचे हप्ते थकलेत, म्हणून मला लोन मिळेना. तुझं रेकॉर्ड एकदम क्लीन हाय."

असणारच की क्लीन! मैत्रिणी कॅफेत बसायच्या तेव्हा ही बाई डबा खात होती. पुढच्या वर्षी एमएस्सीसाठी शैक्षणिक कर्ज काढायचं होतं, आणि बँक आधी तेच रेकॉर्ड बघणार. याने हप्ता चुकवायचा आणि डाग हिच्या नावाला लागायचा. आयजीच्या जिवावर बायजी उदार, दुसरं काय.

"मी आकडे सांगणार नाही," ती म्हणाली.

संपतने नारळ खाली ठेवला. "मुहूर्ताला नन्नाचा पाढा नको. तुझा बाप गेल्यापासनं तुझ्या खोलीचं भाडं कोण भरतंय?"

"तुम्ही भरता, काका. ते मी विसरणार नाही. पण त्यात माझं नाव विकत येत नाही."

"मग उद्यापासनं भाडं बंद."

"करा बंद," ती म्हणाली. "तीन महिन्यांचं भाडं मी बाजूला टाकलंय. पहिल्या पगारापासून, असाच एखादा दिवस येईल म्हणून."

ओटीपी पाच मिनिटांचा होता. ऋतुजा खुर्चीवर बसली, फोन मांडीवर पालथा ठेवला आणि त्याची मुदत संपेपर्यंत तिथून हलली नाही. विश्वजीत हाराची फुलं खुडत राहिला.

"गेला, मॅडम," काउंटरवरची म्हणाली. "पुन्हा पाठवू?"

"पाठवलात तर तक्रार करीन."

तेव्हा सोजरबाईने ताट काउंटरवर ठेवलं आणि ती ऋतुजाशेजारी येऊन बसली. निरांजन कधीच विझलं होतं.

"ऋतुजे, यांनी माझ्याबी लई सह्या घेतल्यात. कशाच्या ते मी कधी इचारलं न्हाई. माझ्या नावावर काय काय कर्ज हाय ते दिसंल का गं?"

"अगं, चल घरी," संपत म्हणाला.

"तुम्ही थांबा जरा." सोजरबाईने पर्समधून पॅन कार्ड आणि फोन काढला.

"दिसेल, काकू. बँक बघते ते रेकॉर्ड आपल्यालाही फोनवर बघता येतं," ऋतुजा म्हणाली. "तुमच्या फोनवर सहा आकडे येतील. ते मलाही सांगू नका. तुमचे तुम्हीच टाका."