फौजदाराची कोठडी

दिवसभर लोकांना ब्रेक मारायला शिकवणाऱ्या मास्तरांना घरातला बोका काही आवरत नव्हता. बोका मुळात त्यांचा नव्हताच, आक्काचा होता. आक्का म्हणजे मास्तरांची थोरली बहीण. नवरा गेल्यावर ती भावाकडे राहायला आली, तेव्हा एका हातात बॅग होती आणि दुसऱ्या हातात हे ध्यान. मिशांचा रुबाब आणि घरोघर फुकट खायची सवय बघून गल्लीनं त्याचं नाव फौजदार ठेवलं.

शेजारच्या सिस्टरबाई इस्पितळातून निवृत्त झालेल्या. त्यांच्या कुंपणात बुलबुलांचं घरटं होतं. एका सकाळी त्या बुटांचं खोकं घेऊन मास्तरांच्या दारात उभ्या राहिल्या. खोक्यात पिसं विस्कटलेलं पिल्लू धापा टाकत होतं.

"तुमच्या बोक्याचं काम आहे. वाचेल बहुतेक. याचं भावंड मात्र गेलं."

"आमचा फौजदार तसला नाही," आक्का म्हणाली. "घरी पोटभर मिळतं त्याला. तो कशाला कुणाच्या लेकरांकडे बघेल?"

नेमका तेव्हाच फौजदार खिडकीतून आत आला. तोंडात पाल. ती त्यानं सिस्टरबाईंच्या चपलेपाशी नीट ठेवली आणि शाबासकीची वाट बघत बसला. पाल शेपटी टाकून कपाटाखाली पळाली. शेपटी तिथंच वळवळत राहिली. मास्तर उगाच खिशात गाडीची किल्ली शोधू लागले.

"पोट भरलं तरी पंजे शिवशिवतातच," सिस्टरबाई म्हणाल्या. "त्यात त्याचा दोष नाही. तुम्ही त्याला मोकळा सोडता, तो तुमचा."

 रात्री जेवताना आक्कानं भावाला फर्मान काढलं, "त्याला बाहेर सोडायचं नाही. पण डांबायचंही नाही. ऊन मिळालं पाहिजे, झाडं दिसली पाहिजेत. काय करायचं ते तू कर."

म्हणजे झालंच. मास्तरांनी मागच्या ओट्याला लाकडी पट्ट्या ठोकल्या, त्यांवर तारेची जाळी ताणली, वर पत्रा टाकला. आत चढायला फांदी, बसायला फळी. बोक्यानं स्वयंपाकघराच्या खिडकीतून जायचं, माणसानं साफसफाईला अंगणाकडच्या छोट्या दारातून. अंगठ्यावर हातोडी बसली ती वेगळीच.

पहिल्या दिवशी फौजदारला आत सोडलं. आक्का दूध तापायला ठेवेपर्यंत तो समोरच्या भिंतीवर बसून अंग चाटत होता. आक्का त्याला उचलून घरात घेऊन गेली आणि जाता जाता म्हणाली, "चांगलं केलंस हो."

फट शोधायला मास्तर रांगत आत शिरले. मागं दार आपटलं आणि बाहेरची कडी आपोआप पडली. त्यांनी हाका मारल्या, पण आक्काला कमी ऐकू येई, त्यात ती बोक्याची समजूत घालत होती. खिडकी ठेवली होती बोक्याच्या मापाची. मास्तरांचं डोकं गेलं, पोट गेलं नाही.

कुंपणापलीकडून सिस्टरबाईंनी हे पाहिलं. मास्तर अजीजीनं म्हणाले, "बाई, तेवढी कडी..."

"हलू नका," त्या हळूच म्हणाल्या. "आलीय बघा."

बुलबुलीण जाळीवर येऊन बसली होती, मास्तरांच्या नाकापासून वीतभर. चोचीत किडा. इकडं तिकडं बघत ती हाक मारत होती, थांबत होती, पुन्हा मारत होती. कुंपणापलीकडच्या खोक्यातून बारीक चिवचिव आली, तशी ती तिकडं झेपावली. गुडघे ठणकत असूनही मास्तर बराच वेळ तसेच बसून राहिले. 

इतक्यात गाडी शिकायला आलेले वकीलसाहेब अंगणात डोकावले. पिंजऱ्यात चार पायांवर बसलेल्या मास्तरांना त्यांनी नीट न्याहाळलं आणि अदबीनं विचारलं, "मास्तर, आज रिव्हर्स शिकवणार होता ना?"

वकीलसाहेबांनी कडी काढली, तसे मास्तर उलटे सरकतच बाहेर आले. पण आत बसल्या बसल्या पत्र्याखाली उजेडाची चीर दिसली होती, ती त्यांनी त्याच दुपारी बुजवली.

पहिला आठवडा फौजदारनं रडून गल्ली डोक्यावर घेतली. आक्काही त्याच्याबरोबर रडली. मग ती त्याच्यासमोर दोरीला चिंधी बांधून नाचवू लागली, आणि फौजदारसाहेब फळीवर उताणे लोळू लागले. पिल्लू उडून गेलं ते सांगायला सिस्टरबाई आल्या, त्या चहाला थांबल्या. दुसऱ्या दिवशीही आल्या. दोघींना बोलताना बोका मांडीवर हवा आणि पाखरंही दिसायला हवीत.

"दोन खुर्च्या मावतील एवढा पिंजरा वाढव," आक्कानं भावाला सांगितलं. "आणि या वेळी कडी आतूनही लाव."

मास्तर माप घ्यायला टेप शोधू लागले.