शिवणीतली माया

दुपारी दुकान बंद करून शिंपी घरी आला, तेव्हा बायकोचा डोळा लागला होता. त्याने खुंटीवरचा तिचा ब्लाउज काढला, बाजूची शिवण उसवली, पाऊण इंच आत घेऊन पुन्हा मारली आणि आतलं जादा कापड कात्रीने उडवलं. दोन महिन्यांतली ही चौथी खेप. बाई झिजत होती आणि कपडे तिला बरोबर बसत होते.

युक्ती त्याची, पण हुकूम थोरल्या बहिणीचा. कॅन्सर यकृतात गेल्याचं डॉक्टरांनी सांगितलं, त्याच दिवशी ताईने बजावलं होतं, "तिच्यापुढे कुणी ब्र काढायचा नाही. हाय खाऊन आजच जाईल." तेव्हापासून घरात आजाराचं नाव 'सूज'. समोरच्या इस्त्रीवाल्यालाही सगळं ठाऊक. जिचं दुखणं, तिलाच तेवढा पत्ता नाही. आणि याला आपण जिव्हाळा म्हणतो!

तिने तीनदा म्हटलं होतं, "आईकडे नेऊन आणा की हो." आईचं गाव दोन दिवसांच्या प्रवासावर, आई अंथरुणाला खिळलेली. "सूज उतरू दे, मग जाऊ," असं तो म्हणाला, तेव्हा ती स्वतःच्या पायांनी जिना चढत होती.

संध्याकाळी ती ब्लाउज उलटा करून बसली. दुकानातली काजं वीस वर्षं तिनेच केलेली. शिवण ओळखायला तिला चष्मा लागत नसे.

"अहो, आतली माया कापलीत?"

"टोचेल म्हणून."

"गिऱ्हाईक पुन्हा अंगाने भरेल असं वाटलं, की शिंपी माया ठेवतो. तुम्हीच शिकवलंत मला."

"कॅन्सर आहे," तो म्हणाला. "यकृतात गेलाय. डॉक्टर तीन महिने म्हणाले होते. दोन झाले."

"बरी नाही होणार?"

"नाही."

ती बराच वेळ रडली. मग म्हणाली, "शंका होतीच मला. तुम्ही हाय खाल म्हणून गप्प बसले. दोघं एका घरात, आणि वेगवेगळे घाबरत बसलो हो."

सकाळी तो डॉक्टरांकडे गेला. "आता प्रवास झेपणार नाही. महिन्यापूर्वी विचारलं असतंत, तर नेता आलं असतं." हेही त्याने घरी येऊन तिला जसंच्या तसं सांगितलं.

"मग आईला फोन लावा."

ताई दारातून पुढे आली. "म्हातारीला खरं सांगू नका रे! हाय खाईल."

"ताई, पुरे," तो म्हणाला. थोरलीपुढे त्याचा आवाज आजवर कधी चढला नव्हता. त्याने फोन लावला, स्पीकर चालू केला आणि बायकोच्या हातात दिला.

तिने सगळं सांगितलं. पलीकडून म्हातारी म्हणाली, "अगं, मग चालत होतीस तेव्हा का नाही आलीस?"

बायकोने नवऱ्याकडे पाहिलं. त्याने हात पुढे केला.

"फोन इकडे दे. याचं उत्तर मला द्यायचंय."