होळीतली केबिन

आमच्या फोल्कर्टला कोणी गंजक्या मडगार्डचा नुसता फोटो पाठवला, तरी तो चहाचा कप खाली न ठेवता सांगतो की ट्रक कुठला, कोणत्या साली बनला आणि नंतर कोणी त्यात फेरफार केले. नॉर्वेपासून ग्रीसपर्यंतची माणसं त्याला विचारतात. युद्धकाळातले जर्मन लष्करी ट्रक ओळखण्यात तो कधी चुकत नाही. बाकी सगळ्यात चुकतो आणि कबूल करत नाही. मी त्याची बायको, गेशे. आम्ही जुने ट्रक नीट करतो; ओळखायचं त्याने, वेल्डिंग आणि रंग माझा, अशी आमची वाटणी आहे. त्या युद्धाचं कौतुक आमच्या घरात कोणाला नाही. पण मारायला बनवलेलं यंत्र पुढे वीस वर्षं गावाचं दूध वाहतं, तेव्हा त्याचा जीव वाचवावासा वाटतो.

यंदाच्या हिवाळ्यात दलदलीपलीकडच्या एका गोठ्यातून आम्ही युद्धातला एक तीन टनी ट्रक, ओपेल ब्लिट्झ, आणला. हौशी लोकांकडे हा ट्रक बऱ्यापैकी सापडतो. याची केबिन मात्र लाकडी होती. लाकडाची चौकट, वर दाबलेल्या पुठ्ठ्याच्या जाड पाट्या आणि सगळ्यावर हिरवा रंग थापलेला. फोल्कर्टने एक चक्कर मारली आणि निकाल दिला.

"मूळची पत्र्याची केबिन सडली, मग कुणा शेतकऱ्याने या फळ्या ठोकल्या. खुराडं आहे हे."

"अरे, खिळे बघ ना," मी म्हटलं. "सगळे एका मापाचे, एकसारख्या अंतरावर. शेतकरी हाताला लागेल तो खिळा ठोकतो."

"असेल एखादा शिस्तीचा!"

विषय संपला. पोलंडमधून पत्र्याची केबिन मागवली. ईस्टरच्या सोमवारी जुन्या ट्रकांच्या क्लबातली मंडळी तो बघायला येणार होती, म्हणून शनिवारी सकाळीच आम्ही खुराडं उतरवलं. शेजारचा हाब्बो ते आपल्या ट्रॅक्टरवर घालून घेऊन गेला आणि त्याने दुपारी ते गावाच्या ईस्टरच्या होळीत, म्हणजे त्याच संध्याकाळी मैदानात पेटणाऱ्या फांद्यांच्या ढिगात, सारून दिलं. होळीत फक्त झाडांच्या फांद्या टाकायच्या, रंगवलेलं लाकूड अजिबात चालत नाही, हे गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. म्हणून फोल्कर्टच्या सांगण्यावरून हाब्बोने मागच्या बाजूने फांद्या उचलल्या आणि खुराडं पार होळीच्या पोटात लपवलं.

संध्याकाळी पत्र्याची केबिन क्रेनला टांगून आम्ही चासीवर, ट्रकच्या लोखंडी सांगाड्यावर, उतरवू लागलो. ती बसेचना.

"भोकं कुठे गेली?" फोल्कर्ट चासीखालून ओरडला. "पत्र्याच्या केबिनला चार बोल्ट लागतात. इथे एकही भोक नाही!"

"बुजवली असतील," मदतीला आलेला हाब्बो म्हणाला.

मी खाली वाकून तारेच्या ब्रशने घासायला लागले. भोक बुजवलेलं नव्हतं. ते कधी पाडलंच नव्हतं. केबिन धरायला शेतकऱ्याने लावल्यात असं समजून आम्ही ज्या लोखंडी पट्ट्यांकडे ढुंकून पाहिलं नव्हतं, त्या चासीला रिव्हेटने जोडलेल्या होत्या. आणि रिव्हेटवर, सगळ्यात खाली, लष्कराचा गडद पिवळा रंग होता.

गोठ्यात बसून कोण रिव्हेट मारतं? हे कारखान्याचंच काम! युद्धाच्या अखेरीला पत्रा संपला, तेव्हा हाच ट्रक दुसऱ्या एका कारखान्यात लाकडी केबिन लावून बनवत होते. ती लाकडं पावसात कुजून गेली. तसल्या मूळ केबिनचा ट्रक आम्ही फक्त जुन्या फोटोत पाहिला होता.

"खिळे," फोल्कर्ट पुटपुटला. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता. "गेशे, होळी किती वाजता पेटवतात?"

"सातला!"

पावणेसात झाले होते. मी व्हॅन अशी पळवली की हाब्बो मागे बसून देवाचं नाव घेत होता, आणि खरं सांगते, भीती वाटत होती तरी मला आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या. एवढी दुर्मिळ वस्तू आमच्या अंगणात होती!

मैदानावर अख्खं गाव सॉसेज आणि बिअर घेऊन उभं होतं. अग्निशमन दलाची प्रमुख ओक्का, फोल्कर्टची सख्खी पुतणी, पेटती मशाल घेऊन होळीकडे निघाली होती. फोल्कर्ट धापा टाकत तिला आडवा गेला.

"ओक्का, थांब पोरी! आत ससा शिरलाय. मी पाहिलाय."

"काका, सकाळी आम्ही एकेक फांदी हलवून बघितली. एकही जनावर नाही. ईस्टरच्या गोष्टीतलाच ससा असेल, अंडी लपवायला गेला असेल. बाजूला व्हा."

"अगं, आत केबिन आहे. लाकडी. तशी दुसरी मिळणार नाही."

"होळीत केबिन कशी येईल? तुमच्या ट्रकचं वेड मला माहीत आहे. गाव ताटकळलंय, एका फळीसाठी मी होळी मोडू?" असं म्हणून तिने मशाल खाली झुकवली.

फोल्कर्टने माझ्याकडे पाहिलं. रंगवलेलं लाकूड आहे म्हटलं, तर ओक्काला ते बाहेर काढावंच लागणार होतं. पण मग ते टाकलं कोणी, हेही सांगावं लागणार होतं.

"रंगवलेली आहे ती," तो म्हणाला. "मीच टाकायला लावली."

ओक्काने मशाल सहकाऱ्याच्या हातात दिली. तिच्या नाकाचा शेंडा लाल झाला होता. "तुम्ही? दरवर्षी मला नियम शिकवणारे तुम्ही?" तिने लाउडस्पीकरचा माइक त्याच्या हातात कोंबला. "मला नका सांगू, या सगळ्यांना सांगा. त्यांची होळी तुमच्यामुळे थांबलीय."

माइक खरखरला. "मी फोल्कर्ट. होळीत रंगवलेलं लाकूड मी लपवलंय. ते युद्धातल्या ट्रकची मूळ केबिन आहे, आणि मला ती ओळखता आली नाही. गेशेने सांगितलं होतं, मी ऐकलं नाही. माझं चुकलं."

"मोठ्याने बोल, ऐकू आलं नाही!" बिअरच्या टपरीकडून कोणीतरी ओरडलं. हशा पिकला.

"माझं चुकलं!" तो ओरडला, आणि मग स्वतःच हसला.

यंत्र घातलं असतं तर केबिनचा चुराडा झाला असता. म्हणून हातांनीच उपसायचं ठरलं. आधी हाब्बो, मग अग्निशमनवाले, मग शिव्या देत देत सगळं गाव फांद्या ओढायला लागलं. मी पोटावर झोपून आत हात घातला. बोटांना गुळगुळीत पाटी लागली आणि मी किंचाळलेच. छप्पर एका बाजूने दबलं होतं, एक दार निखळलं होतं, पण चौकट शाबूत होती. आठ जणांनी ती खांद्यावर घेतली. लोक टाळ्या पिटत पिटत तिच्यामागून व्हॅनकडे गेले, पोरं आत चढून बसली, हाब्बो तर रडायलाच लागला.

मी फोल्कर्टला शोधत होते. तो तिकडे नव्हताच. विस्कटलेल्या मैदानावर तो एकटाच फांद्या गोळा करून होळी पुन्हा रचत होता.

"काका, जा ना, तुमची केबिन बघा तरी," ओक्का त्याला म्हणाली. तिचा राग उतरला होता.

"आधी तुमची होळी," तो म्हणाला.

या माणसाला मी चाळीस वर्षं ओळखते असं समजत होते. एक लांब फांदी त्याला एकट्याला उचलवत नव्हती. मी गेले आणि तिचं दुसरं टोक धरलं.