न बोलावता जायचा सण

बँकांच्या तपासणीचं निम्मं काम जेवणाच्या टेबलावरच उरकतं, हे आमच्या अरिल्ये गावात साऱ्यांना ठाऊक आहे. आणि आपण ते चालवून घेतो!

तपासनीस विदोसावा मात्र चालवून घेणाऱ्यांतली नव्हती. ज्या शीतगृहातल्या रासबेरीच्या तारणावर बँकेने सगळ्यात मोठं कर्ज दिलं होतं, ती रासबेरी तिला स्वतःच्या डोळ्यांनी बघायची होती. बँकेचे व्यवस्थापक मिलुतिन आठवडाभर टोलवत होते. आज ते गोड हसून म्हणाले, "आज आमच्या घरी संत निकोलाचा, आमच्या कुलदैवताचा सण. दोघं जेवायलाच या. शीतगृह कुठे पळून जातंय?"

"चल गं," तिचे साहेब रादिवोये म्हणाले. "उद्या अहवालावर सही करायचीय. जुनी बँक आहे, उगाच खुसपट काढू नकोस."

"जेवायला येते, साहेब. पण न बघता सही करणार नाही. हवं तर कामावरून काढा."

दारात मिलुतिनची म्हातारी आई, स्तानोयका, या सणाला पाहुण्यांना देतात त्या उकडलेल्या गोड गव्हाची वाटी घेऊन उभी होती.

"कुणाची गं तू?"

"बँकेची तपासणी करते, आजी. तुमच्या मुलाने आमंत्रण दिलं."

म्हातारीचा हात थबकला. "आमंत्रण? मिलुतिन, या सणाला कुणी बोलावतं का रे? ज्याला यायचं तो आपणहून येतो. हिला बोलावलंस, म्हणजे तुझ्या पोटात काहीतरी आहे."

"आई, पाहुण्यांसमोर कशाला?"

"पाहुण्यांसमोरच! माझी पेन्शन तुझ्याच बँकेत आहे, अख्ख्या गल्लीची आहे. देवापुढे मेणबत्ती लावतोस आणि माशाच्या सुपाने हिचं तोंड बंद करतोस? पोरी, हा चमचाभर गहू खा आणि आपल्या कामाला जा."

रादिवोयेंनी नुकताच काढलेला कोट पुन्हा अंगात चढवला.

"गाडी मी चालवतो," ते विदोसावाला म्हणाले. "तुला हे मीच शिकवायला हवं होतं."

शीतगृहात पुढच्या रांगेत रासबेरीच्या पेट्या होत्या. मागे नुसतं बर्फ.

"आता सही?" रादिवोयेंनी विचारलं.

"करते ना. जे बघितलं ते लिहून."

"खाली माझीही घे."

वाचकहो, पाहुणचार जरूर घ्यावा, पण त्याच्या बदल्यात सही देऊ नये. तपासनिसाची सही बँकेच्या साहेबांसाठी नसते, स्तानोयकाच्या पेन्शनसाठी असते. न बघता ती करणारा चोराच्याच बाजूला उभा असतो, मग त्याचे हात कितीही स्वच्छ असोत.

संध्याकाळी दोघं स्तानोयकाकडे जेवायला गेले. या वेळी त्यांना कुणी बोलावलं नव्हतं.